नव्वद व्होल्टची नळी

३० मार्च, पाडवा

माझ्या मुलाच्या, अजेयच्या, कंपनीची डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज मुहूर्त आहे म्हणून सुरू करतो. वाचायला कोणी येणार नाही. सूनबाईंना, म्हणजे ऋताला, माझं अक्षर लागत नाही आणि नूपुरला मराठी वाचायला वेळ लागतो.

सकाळी गच्चीवर गुढी उभारली. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. काठी कठड्याला बांधताना मान वर गेली आणि नूपुरची तार दिसली. पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या बांबूपर्यंत ताणलेली अँटेना. तिची केबल भिंतीवरून खाली उतरून आमच्या घरात शिरते. रोजच बघतो. पण आज गुढीवरच्या पितळी गडूवर ऊन चमकलं आणि मनात आलं, आपण विजेला या इमारतीवर दोन आमंत्रणं लावली आहेत. गुढी संध्याकाळी उतरेल. तार उतरणार नाही. आता इथे बंगालात कालबैशाखीचे, म्हणजे वळवाच्या वादळांचे, दिवस येतील. दुपारपर्यंत कोरडं ऊन, आणि पाच वाजता वायव्येकडून काळं होऊन येतं. विजा अशा पडतात की आमच्या दमदम भागातल्या सगळ्या गल्ल्या पांढऱ्या दिसतात.

नूपुर माझी नात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याकडे हौशी रेडिओचं सरकारी लायसन आहे. वादळात मोबाईल बंद पडले की हे लोक रेडिओवरून निरोप पोचवतात. मे महिन्यापासून सुंदरबनाकडच्या केंद्रांचे निरोप शहरात घ्यायचं काम तिच्या रेडिओ क्लबने तिला दिलंय. वीस वर्षांच्या मुलीला एवढं काम पहिल्यांदाच, असं ती सांगत होती. कानाला हेडफोन लावून बसते. ते हेडफोन मला बघवत नाहीत.

हलदारबाबू गच्चीवर फेऱ्या मारत होते. सोसायटीचे सेक्रेटरी. मी माझ्या हिंदीत त्यांना विचारलं, या तारेवरून वीज खाली येईल का. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. मग बराच वेळ चष्मा सारखा करून ते तारेकडे बघत राहिले. मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

नूपुर टाकीच्या पलीकडे होती. नाही, तेव्हा ती साखरेची गाठी आणायला खाली गेली असावी.

३ एप्रिल

कमिटीची नोटीस आली. गच्चीवरच्या दोन अँटेना तीस तारखेपर्यंत उतरवा. दोन कुठल्या, म्हणून ऋताने पुढे वाचलं, तर दुसरीचं वर्णन होतं: बांबू, वर धातूचं भांडं, रेशमी कापड गुंडाळलेलं. अजेय इतका हसला की त्याला ठसका लागला. सगळ्यांबरोबर मीही हसलो.

नंतर कोणी हसलं नाही. अजेय खाली जाऊन हलदारबाबूंना भेटून आला. एका रहिवाशाने हरकत घेतली आहे म्हणे. नाव ते सांगणार नाहीत. तार ठेवायची असेल तर तीन गोष्टी हव्यात: विजेपासूनचं संरक्षण बसवा, अर्थिंग मोजून दाखवा, आणि हरकत घेणाऱ्याचं समाधान झाल्याची त्याची सही आणा. घरून रेडिओ लावता आला नाही तर मे महिन्याचं काम दुसऱ्याला जाईल.

नूपुर जेवली नाही. ऋता चिडून म्हणाली की दुसऱ्या मजल्यावरचेच असणार, त्यांना आपला मसाल्याचा वासही सहन होत नाही. मी ताटाकडे बघत होतो. नूपुर म्हणाली, जाऊ दे आई, कोणाला भीती वाटत असेल तर त्याचं नाव शोधून काय करणार. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, तुम्ही मला मदत करा."

मलाच का, कळलं नाही. घरात इंजिनियर बाप आहे.

५ एप्रिल

आज तिच्या खोलीत तासभर बसलो. सर्ज प्रोटेक्टर म्हणजे काय ते समजून घेतलं. तिचा क्लब त्याला अरेस्टर म्हणतो. आगपेटीएवढी धातूची डबी, दोन्ही बाजूंना केबल जोडायची तोंडं. एकीकडून अँटेना येते, दुसरीकडून रेडिओ जोडतात आणि मधून एक जाड तार जमिनीत जाते. डबीच्या आत बोटाच्या पेराहून लहान नळी असते, तिच्यात वायू कोंडलेला. एरवी ती नळी काहीच करत नाही. ठरलेल्या व्होल्टच्या वर दाब गेला की वायू वाट मोकळी करतो आणि लोंढा रेडिओकडे न जाता जमिनीकडे वळतो. दाब उतरला की नळी पुन्हा बंद, जसं काही झालंच नाही.

मी विचारलं, नळीला कळतं कसं? ती म्हणाली, कळत नाही, सहन होत नाही.

मग विचारलं, थेट तारेवरच वीज पडली तर? तिने सरळ सांगितलं की मग काहीच वाचवत नाही. म्हणून ढग दिसले की केबल काढून ठेवायची. अरेस्टर आसपास पडणाऱ्या विजेसाठी आणि आपण घरी नसताना. हे ऐकून मी घाबरायला हवं होतं. पण चित्त त्या नळीतच अडकलं. वर्षानुवर्षं झोपायचं आणि डोळ्याचं पातं लवण्याच्या आत आपलं काम करून परत झोपायचं. झोपेतच मेली असेल तर बाहेरून कळतं का? नूपुर म्हणाली, नाही कळत, म्हणून मधूनमधून बदलायची.

मी सातवी शिकलेला. हे सगळं मला पन्नास वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

८ एप्रिल

मेट्रोने चांदनीला, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो, एकटाच. नूपुरने हिरव्या पेनाने चिठ्ठी लिहून दिली होती: पन्नास ओहम, केबलला बसेल असं तोंड, तिच्या रेडिओला चालेल अशी फ्रिक्वेन्सी, नळी बदलता येणारी, आणि नळीचा आकडा दोनशे तीस.

दुकान हातभर रुंद. म्हातारे दुकानदार, मागे छतापर्यंत पत्र्याचे खण. त्यांनी आधी टीव्हीच्या डिशचा अरेस्टर काढला. मी चिठ्ठी पुढे केली, हा पंचाहत्तरचा आहे, मला पन्नासचा हवा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. बरं वाटलं.

नळ्यांचा डबा उघडला तेव्हा आत दोन जाती होत्या. एक दोनशे तीसची आणि एक नव्वदची. दिसायला सारख्याच. मी फरक विचारला. ते म्हणाले, नव्वदवाली जल्दी जागती है. झालं, माझा जीव त्यातच अडकला. दोनशे तीस होईपर्यंत वाट कशाला बघायची? नव्वदला जागी होणारी असताना? चोर दारात आल्यावर भुंकणारं कुत्रं बरं की माजघरात आल्यावर? मुलांना सगळं सावकाश चालतं. दुकानदार काहीतरी म्हणाले, किती वॅट, वगैरे. मी म्हटलं, नव्वदच बसवा.

घरी आल्यावर नूपुरला सांगितलं नाही. डबीचं झाकण आवळलेलं होतं, तिने आतलं पाहिलं नाही. सांगितलं असतं तर हुज्जत झाली असती. तिच्याच भल्यासाठी केलं आहे.

१२ एप्रिल

डबी खिडकीबाहेर बसवली, जमिनीची तार तात्पुरती जिन्यातल्या अर्थिंगला जोडली. ऐकायला येतं स्वच्छ. कुठूनकुठून माणसं बोलतात. एक जण पारादीपहून नुसतं हवामान सांगत होता, मी अर्धा तास ऐकलं. पण नूपुर बोलायला लागली की मीटरची सुई उजवीकडे जाते आणि रेडिओ आपोआप जोर कमी करतो. क्लबातल्या सरांनी दोनदा सांगितलं, तुझा आवाज पोचत नाही.

केबल नवी घातली. तोंडं पुन्हा जोडली. तसंच.

१४ एप्रिल

तीन दिवस ती शोधते आहे. आज तिसऱ्यांदा गच्चीवर चढली, भर उन्हात. आल्यावर माझ्यासमोर बसली आणि स्वतःशीच हिशेब करावा तसं बोलली: रेडिओ शंभर वॅटचा, म्हणजे बोलताना केबलमध्ये साधारण शंभर व्होल्ट चढतात, दोनशे तीसपर्यंत पुष्कळ जागा आहे, मग अडतं कुठे.

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन सांगितलं. नळी मी नव्वदची घेतली आहे.

तिने स्क्रू-ड्रायव्हरने झाकण काढलं, नळी तळहातावर घेतली आणि खिडकीशी नेऊन आकडा वाचला. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं. "आबा," ती म्हणाली, "हा नळी माझ्याच आवाजाला घाबरतो."

रागावली नाही. मग समजावून सांगितलं. ती बोलली की नळीला वाटायचं वीज आली, आणि नळी तिचा आवाज जमिनीकडे वळवायला बघायची. ऐकताना व्होल्ट नसतात, म्हणून ऐकायला येत होतं. जो रेडिओ नुसताच ऐकतो त्याला नव्वद चालेल. जो बोलतो त्याला सोसणारी नळी लागते.

मी विचारलं, मग दोनशे तीसची उशिरा उठून उपयोग काय. ती म्हणाली, विजेचे व्होल्ट हजारांनी येतात, तिला नव्वद काय आणि दोनशे तीस काय, फरक पडत नाही. फरक मलाच पडतो.

यावर जेवणानंतरही विचार करत होतो. जास्त घाबरणारी वस्तू जास्त सुरक्षित असते, असं मी जन्मभर धरून चाललो.

१५ एप्रिल

बंगाली नववर्ष. दुकानं बंद असतील म्हणून जाणार नव्हतो, नूपुर म्हणाली आज तर जाच, आज दुकानदार नव्या वह्यांची पूजा करून गिऱ्हाइकांना बोलावतात. चांदनीतल्या त्या दुकानदारांनी गणपतीला हार घातला होता. मला बघून स्टूल पुढे केलं, मी काही बोलण्याआधी दोनशे तीसची नळी काढून ठेवली आणि वर संदेश मिठाईचा डबा आणि कॅलेंडर दिलं. म्हणाले, आठ दिवसांत याल वाटलं होतं, एक दिवस आधी आलात. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगत होतो, पण दादा, डरा हुआ आदमी सुनता नहीं है.

अपमान वाटायला हवा होता. संदेश मात्र चांगले होते, गुळाचे.

संध्याकाळी नळी बदलली. क्लबातले सर म्हणाले, आज स्वच्छ येतेस.

१७ एप्रिल

आज मी नूपुरला एक प्रश्न विचारला आणि तिला उत्तर आलं नाही. जिन्यातली अर्थिंगची पट्टी पुढे जाते कुठे?

ती म्हणाली, जमिनीत. जमिनीत कुठे? ते तिला माहीत नव्हतं. वॉचमनलाही नाही, अजेयलाही नाही. डबी, नळी, ओहम यांवर बारा दिवस डोकं लढवलं, आणि शेवटी सगळं जिथे जाऊन पडायचं तो खड्डा कोणी पाहिलेला नाही. मी पट्टी धरत धरत खाली उतरलो. पंपाच्या खोलीमागे ती मातीत शिरते, आणि तिथे हलदारबाबूंच्या अपराजितेच्या, म्हणजे आपल्या गोकर्णीच्या, कुंड्या. तीन कुंड्या सरकवल्या तर खाली सिमेंटचं झाकण. उचललं. आत धूळ. कोरडी, भाजलेली, उंदरांनी पोखरलेली. किती वर्षं पाणी नाही, देव जाणे.

तिथेच उकिडवा बसलो.

आता लिहूनच टाकतो. मी टेलिफोन खात्यात होतो. अजेय इथे लोकांना सांगतो की बाबा टेलिफोनमध्ये टेक्निकलला होते. मी मजूर होतो. आमच्या तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये उन्हाळाभर रोज सकाळी अर्थच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं, हे माझं काम. ओल असेल तरच जमीन वीज घेते, कोरडी जमीन घेत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. नुसतं सांगायचे, पाणी घाल. अजेय झाला त्या आठवड्यात मी बायकोच्या, सरलाच्या, माहेरी गेलो आणि बदली माणूस नेमून दिला नाही. मे महिना होता. वळीव आला, लायनीवर वीज पडली, आणि ऑपरेटर सुहासिनीबाईंच्या कानाला हेडफोन होता. बाई वाचल्या. डावा कान गेला. चौकशीत खड्ड्याचं कोणी विचारलं नाही. खड्ड्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मीही सांगितलं नाही.

सरलालासुद्धा नाही.

१८ एप्रिल

बाजारातून खडेमीठ आणि कोळसा आणला. थराथराने भरलं, जसं मुकादम भरायचा. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. नूपुर म्हणाली मी उचलते. मी म्हटलं, हे माझं काम आहे.

२१ एप्रिल

अजेयला आवडलेलं नाही. त्याचे साहेब याच रस्त्याने जातात. म्हणाला, "बाबा, माळी ठेवू आपण. लोक बघतात."

दुपारी हलदारबाबू आले. आधी कुंड्या का हलवल्या म्हणून तापले होते. मग झाकणाखाली वाकून बघितलं. त्यांनी विचारलं, आपण टेलिफोनमध्ये इंजिनियर होतात ना? अजेय फाटकातून गाडी आत घेत होता, काच खाली होती. मी म्हटलं, नाही, मी पाणी घालणारा होतो. अठ्ठावीस वर्षं.

हलदारबाबू म्हणाले, मग ही इमारत बांधली तेव्हा तुम्ही कुठे होता? आणि हसले. मग स्वतः एक कुंडी उचलून बाजूला ठेवली. अजेय गाडीतून उतरला आणि उरलेल्या दोन त्याने उचलल्या. ऑफिसचे बूट घालूनच.

२५ एप्रिल

क्लबातले सर मोजायचं यंत्र घेऊन आले. दोन खिळे जमिनीत लांबलांब ठोकतात, तारा जोडतात, बटण दाबतात. काटा चार ओहमवर थांबला. आकडा जितका कमी तितकं चांगलं म्हणे. सरांनी आधी नूपुरलाच विचारलं होतं, पाणी घालण्याआधी किती होतं. तिने अठरा तारखेला सकाळी क्लबातून हेच यंत्र आणून मोजून ठेवलेलं, मला न सांगता: एक्केचाळीस. कमिटीने तोही कागद घेतला.

अरेस्टरपासून नवी जाड पट्टी सरळ खाली आणली. वळण कमीत कमी, कारण वीज वळायला बघत नाही म्हणे, मध्येच उडी मारते. का उडी मारते, हे विचारल्यावर सरांनी अर्धा तास समजावलं. निम्मं कळलं. निम्मं पुन्हा विचारणार आहे.

२७ एप्रिल

पाच वाजता आली. आधी वारा, मग कोणाचातरी पत्रा गल्लीतून धावत गेला, मग अंधार. नूपुरने ढग दिसताच केबल काढली, खिडकीबाहेर लोंबती सोडली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. विमानतळाच्या बाजूला एक वीज अशी पडली की भांडी वाजली. मी तिचा हात धरला होता, की तिने माझा, आठवत नाही. मी म्हटलं, एक गोष्ट सांगायची आहे. आणि सुहासिनीबाईंचं सगळं सांगितलं. पाण्याचं, रजेचं, कानाचं.

मग तिने विचारलं, "अजून काही सांगायचं आहे, आबा?"

मी म्हटलं, नाही. एवढंच.

पाऊस थांबल्यावर तिने केबल जोडली. सुंदरबनाकडच्या काकद्वीपचा माणूस बोलत होता, तिकडे वादळ नुकतंच पोचलं होतं. तिने हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला. मी डावा कान लावला.

२८ एप्रिल

सगळं झालं, एकच राहिलं. हरकत घेणाऱ्याची सही. परवा तीस तारीख. हलदारबाबू मला जिन्यात दोनदा भेटले, दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले. भले गृहस्थ आहेत. नाव सांगणं तर सोडाच, माझ्याकडे बघतही नाहीत.

दुपारी झोपून उठलो तर चष्म्याच्या डबीखाली तो कागद. इंग्रजीत आहे, पण मला लागला. हरकत घेणाऱ्या रहिवाशाचं समाधान झालं आहे. खाली रेघ, रेघेच्या सुरुवातीला हिरव्या पेनाने बारीक फुली, सही इथे करायची म्हणून. हलदारबाबू मी झोपलो असताना येऊन ठेवून गेले असणार. त्यांच्याकडेही हिरवं पेन असतं वाटतं.

तासभर बसलो. भीती गेली आहे का? नाही. आजही आभाळाकडे चारदा बघितलं. पण कागदावर भीती गेली का असं विचारलेलं नाही. समाधान झालं का, एवढंच आहे. नळी बरोबर आहे, खड्डा ओला आहे, ढग आले की ती केबल काढते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, जसं पगाराच्या वहीत लिहायचो.

आता हे हलदारबाबूंकडे पोचवायचं कसं, या विचारात होतो, तर नूपुर दारात. कॉलेजची पिशवी अजून खांद्याला. म्हणाली, खाली जातेय, काही द्यायचं आहे का कोणाला. मी कागदाची चार पदरी घडी घातली, वर अंगठ्याने दाबली आणि म्हटलं, हे हलदारबाबूंना. तिने घेतला. खिशात घातला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, सरला फिरवायची तसा, आणि बादली भरून ठेवलीय म्हणाली.

घडी उघडून पाहिली नाही. काय आहे, कोणाचं आहे, एका शब्दाने विचारलं नाही. हुशार मुलगी आहे, पण एक कमी आहे. आजकालच्या मुलांना कुतूहल म्हणून नाही.